चिकटपट्टीखालचं अस्वल

धनुष्य माझ्या हातात आलं ते एका फुलाफुलांच्या जुन्या चादरीत गुंडाळून. आमच्या शेजारच्या आजींनी (मी त्यांना नावानेच हाक मारते, इथे तीच पद्धत, पण लिहिताना आजीच बरं वाटतं) नवरा गेल्यावर वर्षभराने गराज रिकामं करायला घेतलं. घर विकून त्या मुलाकडे जाणार होत्या. आम्ही मिशिगनमध्ये, लान्सिंगच्या जवळ राहतो. इथे ऑक्टोबरची एक तारीख उजाडली की धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, त्यामुळे कुणाच्या गराजमध्ये धनुष्य निघालं तर त्याचं नवल वाटत नाही.

"हे माझ्या सासऱ्यांचं," आजी म्हणाल्या. "१९५३ सालचं. त्यावर लिहिलंयसुद्धा. नातवाला द्यायचंय, पण कुठल्या कंपनीचं आहे, काय आहे, ते नीट लिहून द्यायचं आहे. तुझी भाची तिरंदाजी करते ना? बघतेस का जरा?"

भाची साताऱ्यात तिरंदाजी शिकते हे मी कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. २०२३ मध्ये अदिती स्वामी आणि ओजस देवतळे ही साताऱ्यात तयार झालेली मुलं बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हापासून आमच्या घरात धनुष्य हा जेवणाच्या टेबलावरचा विषय आहे. पण ती मुलं वापरतात ती कंपाउंड धनुष्यं, चाकं आणि तारा असलेली. हे निराळं होतं. दोरी उतरवलेलं, आणि दोन्ही टोकं आपल्या अपेक्षेच्या उलट दिशेला वळलेली. यालाच रिकर्व्ह म्हणतात.

मूठ आणि तिच्या वरखालचा बराचसा भाग काळपट हिरव्या कापडी चिकटपट्टीने गुंडाळलेला होता. कंपनीचं नाव कुठेच दिसत नव्हतं. एका पात्यावर (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे पातं) बारीक अक्षरांची एक ओळ तेवढी पट्टीतून सुटली होती, तीही अर्धी झिजलेली. ‘ग्लास-पॉवर्ड’ एवढं लागलं, पुढे २६१३६६० हा आकडा, आणि शेवटी ‘कॅनडा १९५३’.

मी आजींना तिथल्या तिथे सांगितलं, हो, १९५३चंच दिसतंय. मोठ्या रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारानेही त्यांना हेच सांगितलं होतं, आणि ‘कॅनडात बनलेलं’ अशी भरही घातली होती. तीन माणसांनी एकच गोष्ट म्हटली की ती खरी वाटायला लागते.

रात्री भाचीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, ती सरावाला निघाली होती. मी धनुष्य कॅमेऱ्यासमोर धरलं आणि दोरी कशी चढवतात ते विचारलं.

"आत्या, थांब! आत्ता दोरीला हातसुद्धा लावू नकोस," ती जवळजवळ ओरडलीच. "आधी सांग, पोट कुठलं आणि पाठ कुठली?"

बाण मारणाऱ्याकडे असतं ते धनुष्याचं पोट आणि लक्ष्याकडे असते ती पाठ, हे मला त्या दिवशी कळलं. दोरी उतरवलेलं रिकर्व्ह पुढच्या बाजूला, म्हणजे पाठीकडे वळतं. ज्याला माहीत नाही तो माणूस त्याच वळणाच्या आतल्या बाजूला दोरी बांधतो, कारण डोळ्यांना तेच बरोबर वाटतं. मग ओढायला गेलं की पातं तडकतं. कितीतरी जुनी धनुष्यं शिकारीत न मोडता अशी घरातल्या घरात मोडली आहेत. भाचीने मला टॉर्च आणायला लावला, दोन्ही पाती टोकापासून मुळापर्यंत बघायला लावली. काचतंतूंचा, म्हणजे फायबरग्लासचा थर कुठे लाकडापासून सुटलाय का, आडवी चीर आहे का, दोरी अडकते त्या खाचा झिजल्यात का, आणि एका टोकाकडून डोळा लावून पाहिलं तर पातं पिळलेलं दिसतं का. पिळलेलं नव्हतं. खालच्या पात्यावर केसांसारख्या दोन-चार उभ्या रेषा होत्या, त्या वरवरच्याच निघाल्या.

"आणि आत्या, दोरी घ्यायची झाली तर डॅक्रॉनचीच घे, पॉलिएस्टरचा धागा असतो तो. आम्ही वापरतो तसल्या नव्या दोऱ्या ताणत नाहीत, त्यांचा सगळा झटका टोकांना बसतो. जुनी टोकं फाटतात त्याने. आणि बाण न लावता रिकामी दोरी कधी सोडायची नाही. कधीच." एवढं बजावून ती सरावाला पळाली.

त्या रात्री मी त्या आकड्याच्या मागे लागले. २६१३६६० हा धनुष्याचा अनुक्रमांक असेल असं मी धरून चालले होते, पण एका धनुष्यकारखान्याने सव्वीस लाखांच्या वर धनुष्यं बनवली असतील हे काही पटेना. मग हा पेटंटचा क्रमांक असेल असं डोक्यात आलं. अमेरिकेत पेटंटांना ओळीने क्रमांक देतात आणि दर वर्षी पहिला क्रमांक कोणता पडला याची यादी कुणालाही बघता येते. १९५२ सालची सुरुवात २५८०३७९ पासून झाली आणि १९५३ची २६२४०४६ पासून. माझा आकडा या दोहोंच्या मध्ये, म्हणजे पेटंट १९५२चं. ते ज्याच्या नावावर निघालं ते नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले. फ्रेड बेअर.

मिशिगनमध्ये हे नाव माहीत नसलेला शिकारी सापडणार नाही. बेअर यांचा जन्म १९०२चा, पेनसिल्व्हेनियातला. १९२३ साली ते कामाच्या शोधात डेट्रॉइटला आले, मोटारीच्या कारखान्यात राबले, आणि १९३३ साली, मंदी ऐन भरात असताना, त्यांनी स्वतःचा धंदा काढला. १९४७ मध्ये कारखाना उत्तरेला ग्रेलिंग या छोट्या गावी नेला, ऑ सेबल नदीच्या काठच्या जंगलात. आमच्या इथून १२७ नंबरचा हायवे धरला की तो जवळजवळ ग्रेलिंगच्या दारात नेऊन सोडतो. लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्या पोटाला नि पाठीला चिकटवलेला काचतंतूंचा थर अशी धनुष्यं त्यांनी कारखान्यात मोठ्या संख्येने काढली. निव्वळ लाकडाचं धनुष्य दमट हवेत सैल पडतं, थंडीत तडकतं. हे तसं करत नाही. ‘ग्लास-पॉवर्ड’ म्हणजे हेच.

आणि ‘कॅनडा १९५३’ म्हणजे त्याच शोधाचं कॅनडातलं पेटंट. धनुष्याच्या जन्माचं साल त्यात कुठेच नव्हतं. लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना १९५३’ असतं म्हणून आत घेतलेली साडी काही १९५३ची नसते. ही ओळ बेअरने पुढे वर्षानुवर्षं आपल्या धनुष्यांवर छापली, आणि जुनी धनुष्यं जमवणाऱ्या मंडळींना ‘माझ्याकडे १९५३चं बेअर आहे’ हे वाक्य ऐकायची सवय झालेली आहे. त्या ओळीवरून एवढंच कळतं की धनुष्य १९५३च्या आधीचं नाही.

मला वाईट वाटलं, कारण मी आजींना ठामपणे सांगून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आधी तेवढं दुरुस्त केलं. कंपनी मिळाली, कॅनडाचं नाही, इथलंच आहे, आणि साल अजून सापडायचंय. त्यांनी विचारलं, "पट्टी काढली तर चालेल?" मी म्हटलं, मी तेच विचारायला आले होते.

पट्टी शिकाऱ्यानेच लावलेली असणार. काचतंतूंच्या पात्याला चकाकी असते, धनुष्य उचललं की उन्हात चमकतं आणि हरीण बिचकतं. म्हणून ती अशी गुंडाळून टाकायची. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. हेअर ड्रायर लावू का, असं त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं, कारण ही सगळी रचना सरसाने एकमेकांना धरून असते आणि उष्णता ही तिची शत्रू. मी घरून खोबरेल तेल आणि कापूस नेला होता. पट्टीच्या कडेखाली तेल सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग नखाने इंचभर सोलायचं, पुन्हा तेल. कापड निघत होतं पण डिंक मागे राहत होता, काळा, गुळाच्या काकवीसारखा, तारा धरणारा. तो कापसाने पुसून काढायला वेगळा वेळ. दोन तास गेले. खोबरेलाचा वास घरभर झाला तेव्हा आजी म्हणाल्या, कशाचा गं हा इतका छान वास? मी सांगितलं, माझ्या आईच्या केसांचा.

मुठीजवळचा एक वेढा सुटला आणि खाली गडद तपकिरी लाकडात काहीतरी गोल, पिवळं दिसलं. रुपयाएवढं. कापूस फिरवला. एक अस्वल.

हे पदक म्हणजे बेअरच्या धनुष्याची जन्मपत्रिका. १९५९ पासून त्यांनी ती लाकडात बसवायला सुरुवात केली आणि तिचा धातू काळानुसार बदलत गेला. तांबं, अॅल्युमिनियम, जस्तासारखा राखाडी धातू, मग पितळ. संग्राहक पितळी पदकाचा काळ १९६३ ते १९७० असा धरतात. त्यानंतर थोडा काळ रुपेरी, आणि १९७३ पासून लाकडाच्या वर उठून दिसणारं प्लास्टिकचं. आमचं पितळी होतं आणि लाकडाशी अगदी समतल. बोट फिरवलं तरी कड लागत नव्हती. ते ब्रासोने घासून चकचकीत करायचा मोह कुणालाही होईल. करू नये. धातूचा रंग हाच पुरावा असतो, आणि घासलेलं पदक बघून जाणकाराला पुढे काही सांगता येत नाही.

म्हणजे दहा वर्षं तर सरळच गळाली. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांचे सासरे शिकार करायचे ते पन्नासच्या दशकात, असं त्यांनी ऐकलेलं होतं.

वरच्या पात्यावरची पट्टी काढल्यावर मॉडेलचं नावही मिळालं. छाप जवळजवळ गेला होता, पण टॉर्च अगदी आडवा धरला की शाईच्या जागी काचेचा पोत किंचित वेगळा दिसतो. शेवटची चार अक्षरं आधी लागली, मग मागे मागे जात पूर्ण शब्द: ग्रिझली. मला वाटलं आता झालंच. पण ग्रिझली हे मॉडेल बेअर कंपनी आजही विकते, आणि तेही अठ्ठावन्न इंचांचंच. नावावरून वय कळायची सोय नाही. कारखाना १९७८ साली मिशिगन सोडून फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेला, त्यामुळे ‘ग्रेलिंग’ आणि ‘गेन्सव्हिल’ या गावांच्या नावावरून मोठा फरक कळतो, तेवढाच.

उरली ती मुठीच्या मुळाशी हाताने लिहिलेली ओळ. छापील नाही, कुणीतरी हाताने लिहिलेली. आधी अठ्ठावन्न इंच, मग पंचेचाळीस पौंड, आणि मग धनुष्याचा अनुक्रमांक: एक आकडा, एक अक्षर, पुन्हा आकडे. इंच आणि पौंड मी आधी स्वतः पडताळून पाहिले, कारण एकदा लिहिलेल्यावर विश्वास ठेवून फसले होते. लांबी मोजायची ती दोरी न लावता, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत, वळणावरून शिंप्याची टेप फिरवत. अठ्ठावन्न भरली. ताण मोजायला नवी डॅक्रॉनची दोरी मागवली आणि ती चढवायला स्ट्रिंगर, म्हणजे दोन्ही टोकांना टोप्या असलेली दोरी, जिच्यावर पाय देऊन धनुष्य उचललं की पाती सारखी वाकतात आणि पिळत नाहीत. मग सामान तोलायचा लटकता काटा दोरीला अडकवून ओढायचं. धनुष्यावर लिहिलेले पौंड नेहमी अठ्ठावीस इंच ओढीचे असतात, आणि ते अठ्ठावीस मोजायची रीत अशी की मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून सव्वासव्वीस इंच, अधिक पावणेदोन. माझ्या नवऱ्याने ओढलं, मी काटा वाचला. त्रेचाळीस. इतक्या वर्षांत दोनच पौंड कमी झाले होते.

अनुक्रमांकाबद्दल संग्राहकांचा हिशेब असा: १९६५ ते १९६९ या पाच वर्षांत पहिला आकडा हा सालाचा शेवटचा आकडा असतो, आणि सत्तरच्या दशकात क्रमांक ‘के’ या अक्षराने सुरू होऊ लागले. आमच्यात ‘के’ नव्हता. पहिला आकडा होता, आणि नेमका त्याच्यावरून एक ओरखडा गेला होता.

सहा की आठ?

१९६६ की १९६८, एवढाच प्रश्न. पदक दोन्हीला चालत होतं. मी मोबाइलवर वीस-पंचवीस फोटो काढले, उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून. भिंग लावून पाहिलं. वरचं वेटोळं बंद आहे असं एका फोटोत वाटायचं, दुसऱ्यात तीच ओरखड्याची कड वाटायची. दोन दिवस मी सहा आणि आठच्या मध्ये लटकत राहिले, आणि खरं सांगायचं तर मला दोन वर्षांचा फरक सोडून द्यायचा नव्हता. नातू ती चिठ्ठी वाचणार होता, आणि ‘अंदाजे’ हा शब्द मला त्यात नको होता.

उत्तर त्याच ओळीत होतं. ‘अठ्ठावन्न’मध्ये एक आठ आहेच की! आणि तो त्याच माणसाच्या हातचा. भिंगाखाली तो आठ पाहिला. त्या माणसाने पेन वरून सुरू केलं, डावीकडे गोल घेतला, मध्ये छेद देऊन खाली गेला आणि वर परत येताना रेघ किंचित पुढे सोडली. वरच्या उजव्या अंगाला आठाची एक बारीकशी शेंडी राहिलीय. मग ओरखड्याच्या आकड्याकडे गेले. ओरखडा मधून गेला होता, पण वरच्या उजव्या अंगाला तीच शेंडी. तेवढीच लांब, तशीच बाहेर झुकलेली. शेजारी शेजारी फोटो ठेवले आणि शंका उरली नाही. ग्रेलिंगच्या कारखान्यात दिवसभर धनुष्यांवर आकडे टाकत बसलेल्या कुणाच्या तरी हाताची ती लकब.

१९६८. त्याच वर्षी फ्रेड बेअर यांनी आपली कंपनी व्हिक्टर कॉम्प्टोमीटर या मोठ्या कंपनीला विकली. हे धनुष्य मालक बदलायच्या आधी बनलं की नंतर, ते आकड्यात लिहिलेलं नाही.

आजींना सांगायला गेले तेव्हा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर फोटोंचे खोके मांडलेले होते. मी सगळं समजावून सांगितलं: पेटंट, पितळ, आठाची शेंडी. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर नाराजी होती. "तो नेहमी म्हणायचा, माझ्या डॅडचं धनुष्य. सासरे १९६९च्या उन्हाळ्यात गेले. मी त्यांना पाहिलंच नाही, आमचं लग्न बहात्तरचं."

मी म्हटलं, धनुष्य काय सांगतं तेवढंच मला कळतं, घरातलं तुम्हाला माहीत. मग सहज विचारलं की शिकारीचे फोटो आहेत का. त्यांनी एक खोकं माझ्याकडे सरकवलं.

त्या काळातल्या रंगीत छापील फोटोंच्या पांढऱ्या कडेवर बारीक अक्षरांत महिना आणि साल असतं; फोटो धुतला गेला त्याचं. अर्ध्या तासाने आजींच्या हाताला तो फोटो लागला. बर्फ, मागे ओंडक्यांची एक झोपडी, पुढे वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, लाल टोपी, हातात धनुष्य. शेजारी एक थोराड माणूस, दोन्ही हात कोटाच्या खिशात. कडेवर ‘जाने. ६९’. धनुष्याला तेव्हा पट्टी नव्हती. मुठीजवळ एक पिवळा ठिपका चमकत होता. मी भिंग ठेवलं: मुठीच्या लाकडात वरून खाली एक फिकट रेघ उतरते आणि मध्येच डावीकडे वळते. तीच रेघ टेबलावरच्या धनुष्यात होती.

आजींनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, "खिशात हात घालून उभे आहेत बघ. शिकारीला आलेला माणूस असा रिकाम्या हातांनी उभा राहील का?" थोड्या वेळाने, "त्यांनीच दिलं असणार त्याला. म्हणून तो डॅडचं म्हणायचा."

ते तसंच असेल. मी चिठ्ठीवर ते लिहिलं नाही, कारण मला ते फोटोत दिसलं नव्हतं. जाड कागदावर काळ्या शाईने लिहिलं: बेअर ग्रिझली, ५८ इंच, ४५ पौंड, उजव्या हाताचं, ग्रेलिंग, मिशिगन, १९६८. खाली तीन सूचना: दोरी डॅक्रॉनची, स्ट्रिंगरशिवाय चढवू नये, उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये. आणि ‘कॅनडा १९५३’ म्हणजे काय, ते एका ओळीत, म्हणजे नातवाला पुन्हा कुणी दुकानदार तेच सांगणार नाही.

आजींनी चिठ्ठी वाचली, उलटी केली आणि माझ्याकडे पेन मागितलं. मागच्या बाजूला त्यांनी सावकाश तीन ओळी लिहिल्या, नवऱ्याचं नाव, सासऱ्यांचं नाव, आणि तिसरी मला दिसली नाही. मग दोरी उतरवलेलं धनुष्य त्याच फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळताना मी चादरीचं एक टोक धरलं आणि त्यांनी दुसरं.